वाचक विचारतात : ८० नंबरचा लाल सदरा

मागच्या अंकात अमेरिकन फुटबॉलची ओळख करून देताना मी ओघात लिहून गेलो की जेरी राईससारखा वाईड रिसीव्हर पुन्हा झाला नाही. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की बाकीचा लेख कुणी वाचला की नाही, अशी शंका यावी. तेव्हा हा अंक राईसचा. एक गोष्ट आधीच कबूल करतो. १९८६ साली पुणं सोडून मी सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला नोकरीला आलो, तेव्हा राईसचं इथल्या फोर्टीनायनर्स संघातलं दुसरं वर्ष चालू होतं. पुढची पंधरा वर्षं आमच्या रविवारच्या पोह्यांची वेळ त्याच्या सामन्यावर ठरायची. त्यामुळे माझ्याकडून तटस्थपणाची अपेक्षा ठेवू नका.

माझा नातू सॅन होजेला असतो. व्हिडिओ कॉल लावला की त्याच्यामागे भिंतीवर ८० नंबरचा लाल सदरा टांगलेला दिसतो. हा माणूस नेमकं करायचा काय? गवंड्याचा मुलगा होता, विटा झेलता झेलता चेंडू झेलायला शिकला, असं नातू सांगतो. खरं का?
— एक आजी, इचलकरंजी

आजी, मैदान १०० यार्डांचं. एक यार्ड म्हणजे साधारण ९१ सेंटिमीटर. चेंडू हातात असलेल्या संघाने चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकायचं. नाही जमलं तर चेंडू दुसऱ्याकडे. चेंडू फेकतो तो क्वार्टरबॅक. आणि अगदी कडेला, घोळक्यापासून लांब एकटा उभा असतो तो वाईड रिसीव्हर. खेळ सुरू झाला की याने धावत सुटायचं, अंगावर असलेल्या बचावपटूला चुकवायचं, चेंडू झेलायचा आणि पाडला जाईपर्यंत पळत राहायचं. टोकाच्या पट्ट्यात पोचला की टचडाऊन, सहा गुण. राईसने हे काम वीस हंगाम केलं.

विटांची गोष्ट खरी आहे. मिसिसिपी राज्यातलं क्रॉफर्ड हे त्याचं गाव, घरात आठ भावंडं, वडील गवंडी. उन्हाळ्यात पोरं बापाच्या हाताखाली. राईस परांचीवर उभा राहायचा आणि खालून भाऊ विटा भिरकवायचे, एका वेळी चार-चार. त्या हवेतच सुट्या होऊन चार दिशांना जायच्या आणि हा त्या गोळा करायचा. हे त्याने स्वतःच अनेकदा सांगितलंय.

पण आजी, मला या गोष्टीचा थोडा राग आहे. आपल्याकडे कुठल्याही बांधकामावर जाऊन बघा, खालचा बिगारी वीट वर फेकतो, वरचा न बघता झेलतो, आणि बोलत असतो भलत्याशीच. विटा झेलून जेरी राईस होता आलं असतं तर इचलकरंजीत दोन-चारशे तरी निघाले असते. शिवाय हाच विटा झेलणारा १९८५ साली एनएफएलमध्ये, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगमध्ये, आला आणि पहिल्याच हंगामात हातात आलेले चेंडू सोडत सुटला. आमच्या कँडलस्टिक मैदानावर प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली, आपल्याच माणसाची. हात तर तेच होते! माझं मत विचाराल तर गडबड पायांत होती. कॉलेजातला खेळ सरळ, इथे डावपेचांची पानंच्या पानं पाठ करायची. किती पावलांवर वळायचं याचा हिशेब डोक्यात चालू असताना चेंडू येऊन आदळायचा. डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघाविरुद्ध त्याने १० झेलांत २४१ यार्ड काढले. तिथून पुढे हुर्यो बंद.

विटांनी काय शिकवलं, तर कष्ट म्हणजे काय ते, असं तो म्हणतो. मिसिसिपीचं ऊन आठवलं की मला ते जास्त पटतं.

आणि फुटबॉलकडे तो वळला तो चक्क शाळा चुकवताना. तास बुडवून भटकत होता, मागून उपमुख्याध्यापक आले, दचकून हा जो पळाला तो त्यांना दिसेनासाच झाला. दुसऱ्या दिवशी सापडला तेव्हा शिक्षा तर झालीच, पण सरांनी फुटबॉलच्या प्रशिक्षकांनाही सांगितलं की एक पोरगं बघा. नातवाला हे सांगू नका.

मी तालुक्याच्या गावी खो-खो शिकवतो. मी ऐकलंय की राईस वेगाने फार पळणारा नव्हता, त्यामुळे मोठ्या संघांनी त्याला आधी निवडलं नाही. मग तो हाती कसा लागत नव्हता? आमच्या पोरांना सांगण्यासारखं काही असेल तर लिहा.
— एक प्रशिक्षक, सातारा जिल्हा

सर, या पत्राची मी वाटच बघत होतो.

कॉलेजातले खेळाडू संघांनी एकेक करून उचलायचे, त्याला ड्राफ्ट म्हणतात. त्याआधी घड्याळ लावून ४० यार्ड पळवतात. राईसची वेळ ४.६ ते ४.७ सेकंदांच्या घरात सांगितली जाते. बाकीच्या खेळाडूंच्या मानाने ती सामान्यच. त्यात त्याचं कॉलेज म्हणजे इट्टा बेनाचं मिसिसिपी व्हॅली स्टेट, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचं छोटंसं विद्यापीठ. तिथे त्याने १९८४ च्या हंगामात २७ टचडाऊन केले, तरी 'समोरचे संघ कच्चे होते' म्हणायला लोक मोकळे. फोर्टीनायनर्सचे प्रशिक्षक बिल वॉल्श त्या वर्षी सामन्यासाठी ह्यूस्टनला गेले होते. रात्री हॉटेलच्या खोलीत टीव्हीवर कॉलेजच्या सामन्यांची क्षणचित्रं चालली होती, त्यात हा पोरगा दिसला आणि ते उठून बसले. पुढे ड्राफ्टमध्ये त्यांनी न्यू इंग्लंड संघाशी सौदा करून वरचा नंबर मिळवला आणि १६ वा म्हणून राईसला घेतलं. त्याच्याआधी दोन रिसीव्हर गेले होते, अल टून आणि एडी ब्राऊन. ब्राऊनला घेतलं सिनसिनाटीने. हे नाव लक्षात ठेवा, पुढे येईल.

आता हाती का लागत नव्हता ते. त्याची एक नेहमीची धाव होती, स्लँट. सरळ तीन पावलं टाकायची आणि तिरकं आत घुसायचं. बस, एवढंच! पण त्याची ती पहिली तीन पावलं प्रत्येक वेळी हुबेहूब सारखी. तिरकं जायचं असो, सरळ पन्नास यार्ड सुटायचं असो की बाहेर वळायचं असो, सुरुवात तीच, खांदे तसेच, मान तशीच. बचावपटूला तिसऱ्या पावलापर्यंत काहीच कळायचं नाही, आणि चौथ्या पावलाला कळून उपयोग नसायचा. तुमच्या खेळात पाठलाग करणाऱ्याला एकदा धरलेली दिशा सोडता येत नाही, हा नियम आहे. राईसच्या खेळात तसा नियम नाही, पण समोरचा एकदा चुकीच्या पायावर गेला की नियम असल्यासारखाच अडकायचा. याला आपल्याकडे हूल म्हणतात, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

दुसरा भाग त्याहून नाजूक. वॉल्श यांची पद्धत छोट्या, वेळेवर बांधलेल्या पासची. रिसीव्हर वळायच्या आधीच क्वार्टरबॅक चेंडू सोडतो, माणसाकडे नव्हे, रिकाम्या जागेकडे. म्हणजे राईसने वळून मान फिरवावी आणि चेंडू समोर हजर असावा. पाऊल सहा इंच चुकलं की चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या पोटात. क्वार्टरबॅक जो मोंटाना आणि नंतर स्टीव्ह यंग, दोघेही त्या रिकाम्या जागेवर डोळे मिटून फेकायचे. आणि झेलल्यावर हा थांबायचा नाही, एकही पाऊल न मोडता तसाच पुढे. चेंडू हवेत पाच-सहा यार्ड आणि हा जमिनीवर साठ. घड्याळातले ते ४.६ सेकंद कुठे गेले, असं मागे धावणाऱ्याला वाटत असणार.

पोरांना सांगायचं असेल तर सरावाचं सांगा. सरावात पाच यार्डांचा साधा झेल घेतला तरी तो थेट टोकाच्या पट्ट्यापर्यंत पूर्ण वेगाने पळत जायचा, प्रत्येक वेळी. समोर अडवायला कुणी नसताना.

आणि टेकडी. सॅन कार्लोस गावाला लागून एजवूड नावाचं राखीव रान आहे. हंगाम संपला की राईस तिथली सुमारे चार किलोमीटरची चढाची वाट पळायचा, संघातल्या रॉजर क्रेगबरोबर. नंतर नंतर नवी पोरं सोबत यायची, पण त्यातली बरीच पहिल्याच दिवशी अर्ध्यात बसायची. मी बसलोय तिथे, म्हणून सांगतो. पंचेचाळिशीत डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं, तेव्हा चालायला हीच वाट निवडली, मोठ्या हौसेने. पहिला किलोमीटर झाडीतून, तमालपत्राच्या जातीची झाडं आहेत, पान चुरगळलं की मसाल्याच्या डब्याचा वास येतो. पुढे झाडी संपते, ऊन थेट डोक्यावर, आणि वाट नुसती वळत राहते. प्रत्येक वळणाला वाटतं की आलं वर, आणि येत नाही. बायको वर पोचून, पाणी पिऊन, खाली येताना मला भेटली. एप्रिलमध्ये तिथे रानफुलांचा सडा असतो, असं तिने सांगितलं. मला त्या दिवशी फक्त माझे बूट दिसले.

चौथ्या सत्रात सगळे धापा टाकत असताना राईसचा वेग पहिल्या सत्रातलाच असायचा, तो इथला. ड्राफ्टच्या वेळी ते मोजायचं यंत्र कुणाकडे नव्हतं.

काका, त्याचा सगळ्यात भारी सामना कोणता? यूट्यूबवर एकच बघायचा असेल तर?
— एक कॉलेज विद्यार्थी, नांदेड

२२ जानेवारी १९८९, मायामी, तेविसावा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, समोर सिनसिनाटी. हो, एडी ब्राऊनवाली. आठवड्याभरापूर्वी सरावात राईसचा घोटा मुरगळला होता. तरी ११ झेल, २१५ यार्ड, आणि सामनावीर.

पण तू शेवटची तीन मिनिटं बघ. आम्ही १६-१३ ने मागे, चेंडू आपल्याच टोकापाशी, ९२ यार्ड जायचंय. मोंटाना तुकड्या-तुकड्याने पुढे सरकतोय. मग राईस मधल्या गर्दीतून २७ यार्ड काढतो आणि एकदम गोल आवाक्यात येतो. ३९ सेकंद उरलेत. आता सगळ्या मैदानाला माहीत आहे की चेंडू राईसकडे जाणार. तो रेषेला समांतर चालू लागतो, बचाव त्याच्याकडे झुकतो, आणि मोंटाना चेंडू देतो जॉन टेलरला. २०-१६. राईसच्या हातात काहीच नाही आणि तो दोन्ही हात वर करून उड्या मारतोय. मी ते दृश्य निदान तीस वेळा बघितलं असेल, त्यातली बरीचशी राईसकडेच बघत.

तुमचा हिरो हातमोज्यांना डिंक लावायचा, हे त्यानेच कबूल केलंय. त्याबद्दल मागच्या लेखात अवाक्षर नाही. का?
— एक वाचक, डोंबिवली

बरोबर पकडलंत. स्टिकम नावाचा चिकट फवारा लीगने १९८१ सालीच बंद केला होता, म्हणजे राईस येण्याच्या चार वर्षं आधी. आणि २०१५ साली एका टीव्ही कार्यक्रमात हातमोज्यांबद्दल बोलताना हा बाबा हसत हसत म्हणाला की थोडं बेकायदेशीर असेल, पण आम्ही जरा स्टिकम मारायचो. गदारोळ झाल्यावर म्हणाला, त्या काळी सगळेच मारायचे. त्यावर त्याच्या काळातले काही रिसीव्हर उसळले, आम्ही नाही मारायचो म्हणून.

मागच्या लेखात लिहिलं नाही, कारण मला आवडत नाही म्हणून. दुसरं कारण नाही. 'सगळेच करायचे' हे उत्तर माझ्या मुलाने दिलं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं. आजच्या खेळाडूंचे कंपनीने बनवलेले हातमोजेच इतके चिकट असतात की डिंकाची गरज पडत नाही, आणि ते नियमात बसतात. पण ती झाली आजची गोष्ट. नियम होता, त्याने मोडला. वहीत तेवढं लिहून ठेवा.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध तुटल्यावर राईस साडेतीन महिन्यांत मैदानात आला, असं वाचलं. अशी केस मी तरी कुणाला सुचवणार नाही.
— एक वाचक, नाशिक

सुचवू नकाच.

१९९७ च्या हंगामाचा पहिलाच सामना, टँपाला. त्याआधीच्या बारा हंगामांत दुखापतीमुळे राईसचा एकही सामना बुडाला नव्हता. तिथे वॉरेन सॅप नावाच्या धिप्पाड बचावपटूने त्याच्या हेल्मेटची जाळी धरून त्याला खाली ओढलं, डावा गुडघा पिरगळला आणि एसीएल-एमसीएल दोन्ही अस्थिबंध गेले. लोकांनी हंगाम सोडून दिला. राईसने नाही.

१५ डिसेंबरला, सोमवारी रात्री, तो परत आला. समोर डेन्व्हर. त्याच रात्री मध्यंतराला मोंटानाचा १६ नंबर कायमचा निवृत्त करायचा समारंभ होता. ऑफिसातल्या एकाकडे जादा तिकीट होतं म्हणून मी वरच्या गॅलरीत होतो. कँडलस्टिक म्हणजे तेव्हा खाडीच्या काठावर उघडं पडलेलं मैदान, रात्री वारा असा की बाहीतून शिरून कॉलरमधून निघायचा. मी तीन स्वेटर घालून, फॉइलमध्ये गुंडाळलेली फोडणीची पोळी खिशात ठेवून बसलेलो. शेजारच्या गोऱ्या गृहस्थाने वास कसला विचारलं. लसूण म्हटल्यावर अर्धी मागितली.

स्टीव्ह यंगने चेंडू टोकाच्या पट्ट्यात टाकला, राईस वर गेला, झेलला, दोन माणसांमध्ये खाली आला. टचडाऊन. आख्खी गॅलरी उभी, पोळी जमिनीवर. गोंगाटात आम्हाला वरून कळलंच नाही की तो नीट उठत नाहीये. त्याच गुडघ्याची वाटी फुटली होती. हंगाम दुसऱ्यांदा संपला, तोही त्याच वर्षात. घरी जाताना गाडीत रेडिओवर ऐकलं. तो झेल आठवला की आजही आनंद आधी होतो आणि मग लाज वाटते, की आपण ओरडत होतो.

तुमच्या शास्त्राला कोड्यात टाकणारं पुढे आहे. १९९८ ला तो सोळाच्या सोळा सामने खेळला, ८२ झेल. तरी पोरांना सुचवू नका.

बँकेतून निवृत्त झालो, त्यामुळे आकडे आणि निवृत्ती हे माझे दोन्ही आवडते विषय. त्याचे विक्रम मोडतील का? आणि हा माणूस वेळेवर का थांबला नाही? शेवटी हातात किती पैसे पडले?
— एक वाचक, सांगली

साहेब, १,५४९ झेल, २२,८९५ यार्ड, सगळे मिळून २०८ टचडाऊन. यार्डांत दुसरा आहे लॅरी फिट्झगेराल्ड, १७,४९२ वर. फरक ५,४०३. एका हंगामात हजार यार्ड काढणारा रिसीव्हर चांगला समजतात. म्हणजे फिट्झगेराल्डइतकं सतरा वर्षं खेळून झाल्यावर आणखी पाचाहून जास्त चांगली वर्षं हवीत. तुमच्या भाषेत, मुदत संपल्यावरही व्याज चालू ठेवावं लागेल. आणि २२,८९५ यार्ड म्हणजे जवळजवळ २१ किलोमीटर, साताऱ्याच्या हाफ मॅरेथॉनएवढं अंतर. फक्त दर दहा-पंधरा पावलांवर शंभर किलोचा माणूस येऊन आडवा पाडतो.

थांबला का नाही, तर थांबता येत नव्हतं. डिसेंबर २००० मध्ये कँडलस्टिकवर त्याचा निरोपाचा सामना झाला. लोक रुमाल घेऊन आलेले. त्या दिवशी टेरेल ओवेन्स या त्याच्याच संघातल्या पोराने २० झेल घेतले, एका सामन्यातला तेव्हाचा विक्रम, आणि दुसऱ्या दिवशी बातमी त्याचीच. राईस पूल ओलांडून शेजारच्या ऑकलंडच्या संघात गेला. आमच्या लेखी ते भाऊबंदकीतल्या घरात जेवायला जाणं. पण तिथे २००२ च्या हंगामात, चाळिशी ओलांडता ओलांडता, १,२११ यार्ड! मला नाइलाजाने टाळ्या वाजवाव्या लागल्या. त्या हंगामाच्या सुपर बोलमध्येही त्याने टचडाऊन केला. सामना मात्र टँपाने ४८-२१ ने नेला.

२००४ च्या सप्टेंबरमध्ये सलग २७४ सामन्यांत निदान एक झेल घेण्याची साखळी तुटली. त्या सामन्यात त्याला एकही झेल मिळाला नाही. त्या हंगामात तो सिअॅटलला गेला. तिथे ८० नंबर स्टीव्ह लार्जंटच्या सन्मानार्थ निवृत्त केलेला होता, तो लार्जंटच्या परवानगीने अंगावर चढवला. मला ते रुचलं नाही. दुसऱ्याच्या देवघरातली मूर्ती मागून आणल्यासारखं वाटलं. पुढच्या वर्षी डेन्व्हरने सांगितलं की संघात जागा आहे, पण चौथ्या नंबरचा रिसीव्हर म्हणून. तेव्हा कुठे, ४२ व्या वर्षी, तो घरी गेला. २०१० मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, घेतलं तेव्हाच्या भाषणात म्हणाला की एकच खंत आहे, या सगळ्याची मजा घ्यायला मी कधी थांबलोच नाही.

राहता राहिले पैसे. २००६ मध्ये फोर्टीनायनर्सनी त्याला परत बोलावलं, आपल्या संघाचा म्हणून निवृत्त होता यावं यासाठी एका दिवसाचा करार केला. रक्कम लिहिली १९,८५,८०६ डॉलर आणि ४९ सेंट. बँकेतली नजर आहे, तुम्हीच फोडून बघा: १९८५ साली आला, नंबर ८०, ०६ साली निवृत्त, आणि ४९ म्हणजे संघ. यातला एक सेंटही त्याला मिळायचा नव्हता.